रांजण कोणी भरला

तळवाडी, हुलसूरजवळ
ता. २६ एप्रिल १९४१

ती. राजूआत्यास,
कमलचा प्रभूमध्ये प्रेमाचा स. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेल्यासारखं, असं तुम्ही लिहिलंत, म्हणून आज आखलेला कागद घेतला आहे. मी बरी आहे. तानूही बरी आहे. बोर्डिंगात तुमच्या छड्या खाऊन आपले हात काटक झाले आणि म्हणून आज आपण दळणात कोणाला हार जात नाही, असं ती सगळ्या वस्तीला सांगत असते. शाळा सकाळची केली आहे. पटावर सव्वीस मुलं आहेत, पण पाण्यामुळे रोज दहाबाराच येतात.

पाण्याचं असं झालं. आमच्या वस्तीचा आड मार्चातच आटला. वरच्या गावच्या विहिरीत आम्हांला पोहरा टाकता येत नाही, हे तुम्ही जाणताच. काठापासून लांब उभं राहायचं, कोणी वरून धार धरली की घागर पुढे करायची. ईस्टरच्या सकाळी आपल्या बायका सणाच्या स्वयंपाकासाठी पाण्याला गेल्या होत्या. गर्दीत कोणाची तरी घागर काठाच्या दगडाला लागली. धनगरांचा पुढारी बिराप्पा तिथेच बसलेला असतो. त्यानं त्या दिवसापासून आम्हांला पाणी घालणं बंद करवलं. आता दीड कोसावरच्या डोहातून आणतो. डोह तरी कसला, हिरवं डबकं.

तेव्हा आपल्या मंडळीचे पंच अंबाजीकाका यांनी तीन दिवस उपास आणि प्रार्थना ठरवली. भर दुपारी प्रार्थनाघरापुढच्या लिंबाखाली सगळ्यांनी बसायचं, डोळे मिटायचे आणि काकांनी प्रार्थना करायची. काकांची प्रार्थना तुम्ही ऐकलेली नाही. ते वस्तीतली घरं एकामागून एक नावानं घेतात, ती संपली की वरच्या गावची घेतात, आणि आवाज असा की गावाच्या वेशीवर ऐकू यावा. देवाला कमी ऐकू येतं असं काकांना कोणी सांगितलं कोण जाणे, असं तानू माझ्या कानात पुटपुटते.

प्रार्थनाघराच्या दाराशी तीन घागरींचा रांजण आहे. मंगळवारी तो कोरडा ठणठणीत होता. काकांचं आमेन झालं, आम्ही डोळे उघडले, तर रांजण काठोकाठ भरलेला. पाणी हलतसुद्धा नव्हतं. ते वस्तीनं वाटून संपवलं, तरी बुधवारी तसंच झालं. गुरुवारीही तसंच. म्हातारी सावित्रम्मा रांजणापुढे पालथी पडली ती उठेचना. लोक म्हणतात, पाणी आभाळातून उतरलं. कोणी म्हणतात, रांजणाच्या बुडातून झरा फुटला. पाण्याची चव गोड आहे, तशी या मुलखातल्या कुठल्याच पाण्याची नाही, असंही म्हणतात. शेजारच्या गावांतून माणसं येऊन रांजणाला हात लावून जातात.

जूनच्या एक तारखेला पेंटेकॉस्टच्या सणाचा मेळा बीदरला भरतो, तिथे मंडळीतर्फे मी साक्ष द्यावी असं ठरलं आहे. त्याआधी ११ मेला इथे सगळ्यांपुढे म्हणून दाखवायची. माझ्या मनातून हे काम दुसऱ्या कोणाला द्यावं असं आहे. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, एवढंच कारण.

तुमची माया पाठीशी आहे, ती तशीच राहू द्यावी.

तुमची
कमल


मैलूर, बीदर
ता. ३० एप्रिल १९४१

चि. कमल हीस,
राजूआत्याचे अ. आ.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलं आहे. मजकूर सुधारलेला नाही.

रांजण भरला, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, तो खरा. मी काही लाकडाची नाही. मी ते पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मास्तरणीचे डोळे लागले. तू लिहितेस, लोक म्हणतात, कोणी म्हणतात, असंही म्हणतात. तुला काय वाटतं ते एका ओळीतही नाही. तुझ्या बाळपणापासून मी तुला ओळखते. चिमणीचं पिल्लू घरट्यातून पडलं तरी तू चार पानं लिहायचीस. आणि आता आभाळातून पाणी उतरलं तर तू बातमीदार झालीस?

दुसरं. चारचौघांत बोलायची सवय नाही, हे कारण तू मला देतेस? बोर्डिंगात वक्तृत्वाचं बक्षीस तुला मी माझ्या हातानं दिलं आहे.

म्हणून विचारते. सगळ्यांनी डोळे मिटले होते. तू मिटले होतेस का?

उत्तर खरं असेल तरच टपाल खर्ची घाल. तानूला सांग, छड्या अजून शिल्लक आहेत.

तुझं कल्याण इच्छिणारी
राजूआत्या


तळवाडी
ता. ४ मे १९४१

ती. राजूआत्यास,
कमलचा स. वि. वि.

नाही, आत्या. मिटले नव्हते.

बुधवारी काका वरच्या गावच्या घरांपर्यंत पोचले होते आणि माझ्या पायाला मुंगळा डसला. मी डोळे उघडून तो झटकला. मान वर केली तर रांजणापाशी म्हाळसाबाई उभी होती. बिराप्पाची विधवा भावजय ती. तिचा मेंढरांचा वाडा आमच्या वस्तीपलीकडे आहे, तिथे ती रोज दुपारी विहिरीचं पाणी घेऊन याच वाटेनं जाते. डोक्यावर दोन घागरी, कमरेवर एक. ती पाणी ओतत होती. आवाज होऊ नये म्हणून पदराचं टोक तिनं रांजणात सोडलं होतं आणि त्या कापडावरून धार उतरवत होती. घागर रांजणाला लागू देत नव्हती. तीन घागरी झाल्या. तिनं पदर पिळला आणि वर बघितलं, तो माझी नजर तिच्या नजरेला भिडली.

ती घाबरली नाही. तिनं तोंडावर बोटसुद्धा ठेवलं नाही. तिनं आपलेच डोळे घट्ट मिटून मला दाखवले. मीट, असं सांगत होती. आणि मी मिटले.

मी काय बघितलं हे मला अजून नीट कळलेलं नाही, आत्या. साठ माणसं तोंड वर करून पाणी मागत बसली होती आणि ते त्यांच्यापासून चार हातांवर उतरत होतं. ती परत जाईपर्यंत काकांची प्रार्थना मला ऐकूच आली नाही. गुरुवारी मी डोळे उघडले नाहीत. मला बघवलं नसतं.

आता मी काय करू? मंडळीला सांगितलं तर त्यांचा आनंद मी मोडते. इतक्या वर्षांत प्रथमच ही माणसं ताठ मानेनं चालायला लागली आहेत. आमच्यासाठी देव खाली आला, असं सावित्रम्मा दारादारांत सांगते. आणि म्हाळसाबाईचं नाव घेतलं तर बिराप्पा तिला विहिरीवर पाय ठेवू देणार नाही. मेंढरं मरतील, ती वाळीत पडेल. आणि सांगितलं नाही, तर एक तारखेला बीदरला देवाच्या नावानं उभी राहून मला खोटं बोलावं लागेल. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे. तानूलाही मी सांगितलेलं नाही.

तुम्ही रागावाल हे माहीत आहे. तरी लोभ कमी करू नये.

कमल


मैलूर
ता. ७ मे १९४१

चि. कमल हीस,
अ. आ.

रागावले नाही. पत्र वाचून मी खुर्चीत बसून राहिले आणि प्रार्थनेची घंटा द्यायची विसरले. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्या पिळलेल्या पदराचा विचार डोक्यातून जात नाही.

आता ऐक. खोटी साक्ष द्यायची नाही. देवाची थोरवी वाढवायला आपल्या पदरच्या थापा लागतात असं ज्याला वाटतं, त्याचा देव फार लहान आहे. हे तुला पटेलच. दुसरं तितकंच महत्त्वाचं. म्हाळसाबाईचं नाव तुझ्या मालकीचं नाही. खरं बोलण्याचा भार तू तुझ्या पाठीवर घे, दुसऱ्याच्या पाठीवर टाकू नकोस. आधी तिच्याकडे जा. ती हो म्हणाली तर नाव घे. नाही म्हणाली तर जेवढं तुझं आहे तेवढंच सांग. लोक तुला खोटी ठरवतील. ठरवू देत.

एक विचारते. कॉलेजात असताना मी एकदा सगळ्या वर्गाविरुद्ध खरं बोलले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या बाकावर कोणी बसेना. दोन वर्षं मी त्या बाकावर एकटी होते. ते मला जड गेलं, हे आज प्रथमच कोणाला लिहिते आहे. तुझ्या शेजारी कोण बसेल?

राजूआत्या


तळवाडी
ता. १४ मे १९४१

मोठ्या बाईंस,
तानूचा हात जोडून सलाम.

बाई, माझं लिवणं तुम्हाला ठाऊकच हाय, चुका मोजू नका. कमलला न सांगता लिवायलेय. ती तुम्हाला कळवंल असं मला वाटंना, म्हणून.

रविवारी साक्ष म्हणून दाखवायची होती. प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. कमल उभारली आन् एकदम म्हणली की मला माफ करा, रांजणातलं पाणी आभाळातून आलं न्हाई, माणसानं वतलं, मी प्रार्थनेत डोळे उघडले होते आन् मी बघितलं. बाई, सावित्रम्मा ऊर बडवून घ्यायली. कुणी म्हणलं हिला वरच्या गावानं फोडलं. कुणी म्हणलं शिकलेल्या पोरींचं असंच असतंय. अंबाजीकाका पांढरे फटक पडले. त्यांनी हळूच विचारलं, कोण वतलं त्याचं नाव सांग. कमल म्हणली, नाव माझं न्हाई, दुसऱ्याचं हाय, मला सांगता येत न्हाई. मग तर काय, समदेच हसायले. नाव न्हाई, गाव न्हाई, अन् म्हणं बघितलं!

तेव्हा मी उभारले. काका म्हणले, तानू, तू बी डोळे उघडले होतेस का? मी म्हणलं, न्हाई काका. माझे घट्ट मिटलेले होते, मी उपासाच्या पोटी भाकरीचा विचार करायलते, मला काहीच दिसलं न्हाई. लोक आणखी हसले. मी म्हणलं, हसा. पण बोर्डिंगात मी पेरू चोरले होते तेव्हा मोठ्या बाईंनी विचारलं, आन् हिनं खरं सांगितलं. मी हिची जिवाची मैत्रीण, तरी सांगितलं. मला आठ छड्या बसल्या. जी पोरगी मला वाचवायला खोटं बोलली न्हाई, ती तुम्हाला फसवायला कामून बोलंल? ती बघितलं म्हणती तर तिनं बघितलंय. एवढं म्हणून मी तिच्याजवळ जाऊन बसले.

सोमवारपासून कुणीच लेकरं शाळंला धाडीनात. रिकामी शाळा दिसली तर पंच ती बंद करतील, म्हणून मीच जाऊन बसायलेय. पाटी घेऊन. कमल फळ्यावर लिवती आन् मी एकटी मोठ्यानं पाढे म्हणती. पावणेदोनकीवर अडकती, बाई, तवाही अडकत होते. वाटंनं जाणारे येणारे बघून हसतेत. त्या धनगराच्या म्हाळसाबाई तेवढ्या हसत न्हाईत, उगं उभारून बघतेत आन् जातेत.

कमल जेवीना नीट. तुम्ही दोन शब्द लिवा. नाव कुणाचं, ते मी तिला विचारलं न्हाई. विचारणार बी न्हाई.

तुमची आठ छड्यांची
तानू


तळवाडी
ता. २० मे १९४१

ती. राजूआत्यास,
कमलचा प्रभूमध्ये स. वि. वि.

तानूनं तुम्हांला लिहिलं, ते तुमच्या पत्रातून कळलं. तुमचा प्रश्न होता की माझ्या शेजारी कोण बसेल. त्याचं उत्तर तुम्हांला मिळालंच आहे.

जे घडलं ते क्रमानं सांगते, नाहीतर मला सांगताच येणार नाही. तुमचं पत्र आल्यावर मी म्हाळसाबाईच्या वाड्यावर गेले होते. ती हात जोडून म्हणाली, नाव नको घेऊ माय, दीर पाणी तोडंल, मेंढरं कुठं न्यावीत मी? मी तिला शब्द दिला. पुढचं तानूनं लिहिलं आहे.

परवा, १८ तारखेच्या रविवारी, दुपारची प्रार्थना लिंबाखाली होती. मी आणि तानू कडेला बसलो होतो, आमच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये एक खाट मावेल एवढी जागा होती. काका डोळे मिटून घरांची नावं घेत होते. तेवढ्यात पितळी घागर दगडावर आपटल्याचा खणकन आवाज झाला. सगळ्यांनी डोळे उघडले. मधोमध म्हाळसाबाई उभी होती. उघडा आता डोळे, म्हणाली. तीन दिवस म्याच वतले. ही पोरगी आठ दिवस एकटीला शिकवायलीय आन् ती घोडी झालेली पोरगी पाढे म्हणायलीय, माझ्यासाठी. मला न्हाई बघवलं. ह्या पोरीला कामून छळायलाव?

मग सावित्रम्मानं विचारलं, तू का वतलीस गं? म्हाळसाबाई काकांकडे हात करून म्हणाली, ह्या म्हाताऱ्याला विचारा. आमी तुमचं पाणी तोडलं, आन् मी घागरी घेऊन इथून चालले तर ह्यो मोठ्यानं आमच्याच घरासाठी मागायलता. बिराप्पाच्या गुडघ्याला आराम पडू दे म्हणायलता. मग माझं नाव घेतला. म्हाळसाबाई, म्हणला. नवरा मेल्यापासून मला समदे बिराप्पाची भावजय म्हणतेत, माझं नाव कुणी घेतलं न्हाई. मला घागरी पुढं नेववल्या न्हाईत.

आत्या, सगळे एकमेकांकडे बघत होते आणि कोणाला कोणाकडे बघवत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की आभाळातून पाणी पडलं असतं तरी मी इतकी थरारले नसते. मग काका माझ्यापाशी आले आणि म्हणाले, पोरी, माझी हाक पोचली होती, पण कुठं पोचली ते बघायचं सोडून मी रांजणात वाकून बघत बसलो.

त्याच संध्याकाळी बिराप्पानं म्हाळसाबाईचा पोहरा विहिरीवरून काढून फेकून दिला.

काल सकाळी काका निघाले. कोणाला या म्हणाले नाहीत. वरच्या गावच्या वाटेला लागले आणि विहिरीपासून लांब, आपली नेहमीची जागा धरून उभे राहिले. त्यांनी मागं वळून बघितलं तर सगळी वस्ती मागून आलेली, रिकाम्या घागरी घेऊन. सावित्रम्माही, काठी टेकत, आणि म्हाळसाबाईही, आपल्या तीन घागरी घेऊन. गेल्या आठवड्यात मला फितूर म्हणणारे माझ्या पुढं उभे होते. काकांनी बिराप्पाला सांगितलं, घागर आमची लागली, चूक आमची. आमचं पाणी पाहिजे तर कायमचं बंद ठेव, पण ह्या बाईचं उघड. बिराप्पा पाठ फिरवून बसला. आम्ही उन्हात बसून राहिलो. सूर्य डोक्यावर आला, कलला. गावातल्या बायका येऊन पाणी भरून गेल्या. कोणी आमच्याकडे बघितलं, कोणी बघितलं नाही.

शेवटी बिराप्पा उठला. लंगडत काकांच्या समोर आला आणि विचारलं, माझ्या गुडघ्याचं नाव घेतोस म्हणं, खरं व्हय?

काका म्हणाले, रोज.

बिराप्पा वळला, दोर हातात घेतला आणि स्वतः पाणी शेंदून म्हाळसाबाईच्या तिन्ही घागरी भरल्या. तिच्या डोक्यावर दोन चढवून दिल्या. आमच्या घागरींत त्यानं पाणी घातलं नाही, आणि आम्हीही मागितलं नाही. आम्ही उठलो.

आत्या, साठ माणसं कोरड्या घागरी घेऊन वस्तीकडे परतत होती आणि सगळी गात होती. कोणी आधी सुरुवात केली ते मला माहीत नाही. तानूचा आवाज सगळ्यांत बेसूर आणि सगळ्यांत मोठा होता. आज पहाटे आम्ही पुन्हा दीड कोस डोहावर जाऊन पाणी आणलं.

माझ्यावर आणि तानूवर तुमची माया अशीच असावी, आणि छड्या असल्याच तर दोघींत वाटून द्याव्यात.

तुमची
कमल